व्यवस्थापकाची वही आणि गंमतीची रात्र

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात कीथ-ऑल्बी या नाट्यगृह-संस्थेचे जुने दप्तर जतन करून ठेवलेले आहे. त्यात १९०२ ते १९२३ या काळातील काही वह्या आहेत. त्या नटाच्या नाहीत, नाटककाराच्या नाहीत, टीकाकाराच्याही नाहीत. त्या नाट्यगृहांच्या व्यवस्थापकांच्या अहवालांच्या आहेत. आठवड्याचा नवा कार्यक्रम सोमवारी सुरू होई. पहिला खेळ पाहून त्या त्या शहरातील व्यवस्थापक प्रत्येक कलावंताविषयी चार-दोन ओळी लिहून मध्यवर्ती कचेरीकडे धाडीत असे. खेळ किती मिनिटे चालला, रंगमंचाचा किती भाग लागला, टाळी कोठे पडली आणि कोठे पडावयास हवी असून पडली नाही, कोणता विनोद गाळावयास सांगितला, एवढाच त्यातील मजकूर. साहित्यगुण म्हणावा असा त्यात काही नाही. परंतु एका संपूर्ण करमणूक-प्रकाराचा इतिहास आज प्रामुख्याने या कोरड्या ओळींवर उभा आहे.

हा प्रकार म्हणजे व्होडव्हिल. त्यात एक नाटक नसे. एकमेकांशी संबंध नसलेल्या आठ-नऊ खेळांची माळ असे. कसरतपटू, गाणारी जोडी, शिकविलेली कुत्री, जादूगार, वीस मिनिटांची नाटिका, एकटा विनोदी बोलणारा, असे एकामागून एक येत आणि जात. बेंजामिन कीथ याने १८८३ मध्ये बोस्टन शहरात एका लहानशा प्रदर्शन-गृहापासून आरंभ केला आणि १८८५ पासून सकाळपासून रात्रीपर्यंत अखंड चालणारे खेळ लावले. एडवर्ड ऑल्बी हा त्याचा सहकारी. १९०६ मध्ये त्यांनी खेळ ठरविण्याची एक मध्यवर्ती कचेरी काढली. कलावंताने कोणत्या आठवड्यात कोणत्या गावी असावयाचे हे तेथे ठरे आणि त्याबद्दल त्याच्या पगारातून शेकडा ५ कापून घेतले जात. सोमवारच्या त्या चार ओळींचे वजन किती असेल हे यावरून ध्यानी येईल.

आता पांढुर्णा आणि सौंसर येथील मराठी वाचकाने या वह्यांची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणीही करील. त्याचे उत्तर असे की, सुट्या खेळांची माळ आपल्याकडेही होती. तिला व्यवस्थापक होता, पारख होती, बाजारभावही होता. नव्हती ती वही. आणि वही नसल्यामुळे आपल्या मुलखातील करमणुकीचा इतिहास लिहिताना आपण एक चूक सातत्याने करीत आलो आहोत. आपण गाणी गोळा करतो आणि रात्र विसरतो. लोककलांच्या आपल्या संग्रहांत गण, गवळणी, लावण्या यांची भर असते. पण ती गवळण रात्री किती वाजता उभी राहिली, तिच्या आधी काय झाले, लोक तेव्हा बसलेले होते की येत होते, याविषयी अवाक्षर नसते.

ही उणीव किती मोठी आहे हे समजण्यासाठी त्या व्यवस्थापकांपैकी एकाचे विवेचन पाहू. न्यूयॉर्कचे पॅलेस नाट्यगृह १९१३ मध्ये उघडले आणि व्होडव्हिलच्या कलावंतांना ते पंढरीसारखे झाले. तेथील खेळ ठरविणारा व्यवस्थापक जॉर्ज गॉटलिब याने आपली रीत सांगितली आहे. ब्रेट पेज यांच्या १९१५ च्या व्होडव्हिल-लेखनावरील ग्रंथात ती आली आहे. तिचा गाभा असा. पहिला खेळ मुका असावा, म्हणजे कसरतीचा किंवा प्राण्यांचा, कारण तेव्हा लोक आपल्या खुर्च्या शोधत असतात आणि शब्द वाया जातात. दुसरा थोडा बरा, बहुधा गाणाऱ्या जोडीचा. तिसऱ्याने प्रेक्षागृह जागे करावे. चौथा असा की लोकांना आता खरी रात्र सुरू झाली असे वाटावे. पाचवा नामवंताचा, म्हणजे मध्यंतरात लोक त्याच्याविषयी बोलत राहतील. सहाव्याची जागा सर्वांत अवघड: मध्यंतरानंतर विस्कटलेले लक्ष पुन्हा गोळा करावयाचे, पण पुढे येणाऱ्यांना झाकोळावयाचे नाही. सातवा भरगच्च, संपूर्ण रंगमंच व्यापणारा. आठवा सर्वांत मोठा, लोक ज्याची वाट पाहत बसले तो, बहुधा विनोदी. नववा पुन्हा डोळ्यांना दिपविणारा पण कानांवर न विसंबणारा, कारण तेव्हा लोक टोप्या उचलून निघालेले असतात.

या विवेचनात कलेचा गुण असा कोठेच मोजलेला नाही. मोजले आहे ते प्रेक्षकाचे लक्ष. तोच गायक दुसऱ्या जागी सामान्य ठरतो आणि चौथ्या जागी मोठा. म्हणून वहीतील ‘बेताचा’ असा शेरा वाचताना अभ्यासकाने आधी विचारावे लागते, कोणत्या जागी बेताचा?

आता खडी गंमतीकडे वळू. नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यातील हा प्रकार. काटोल, नरखेड, सावनेर ओलांडले की लागणारा पांढुर्णा-सौंसरचा मुलूख बोलीने, सोयरिकीने आणि बाजाराने त्याच पट्ट्याला जोडलेला आहे. गंमतीतले कलावंत बसत नाहीत, उभे राहून गातात, म्हणून ती खडी. शाहीर, त्याच्यामागे झील धरणारे, ढोलकी, डफ, तुणतुणे, मंजिरा, स्त्रीवेषातील नाच्या आणि सोंगाड्या एवढा संच. पडदा नाही, विंग नाही. लोक भोवताली जमिनीवर. आधी गण, मग गवळण, मग लावण्या आणि सवाल-जबाब, मधून मधून सोंगाड्याची बतावणी, आणि रात्र चढली की एखादा वग किंवा प्रसंग.

हा क्रम धर्माने लावला आहे असे आपण शाळेत शिकवितो. गणपतीचे स्तवन प्रथम व्हावे, मग श्रीकृष्णाच्या गवळणी, हे परंपरेला धरूनच आहे. पण गॉटलिबच्या पहिल्या खेळाशी गण ताडून पाहावा. गणाच्या आधी ढोलकी वाजते ती भक्तीसाठी नव्हे. शेतावरून, वाड्यांवरून येणाऱ्या माणसांना खेळ उभा राहत असल्याची वर्दी देण्यासाठी. गण सर्वांना ठाऊक असतो. तो अर्धा ऐकला तरी काही बुडत नाही, आणि उशिरा आलेल्याला चुकल्यासारखे वाटत नाही. पॅलेसमध्ये ही जागा मुक्या कसरतपटूला देतात, येथे ती देवाला दिली आहे. जेथे शब्द वाया जाणार तेथे ज्याचे शब्द सर्वांना पाठ आहेत असेच काही ठेवावयाचे, ही अक्कल दोन्हींकडे एकच. (देवाला सर्वांत कमी ऐकले जाणारे स्थान दिले असे म्हटल्याने कोणी रागावू नये, प्रथमपूजेचा मान आणि प्रेक्षकांची सोय येथे एका जागी बसली, एवढेच म्हणावयाचे आहे.)

बतावणीचेही तसेच. व्होडव्हिलच्या वह्यांत प्रत्येक खेळापुढे तो संपूर्ण रंगमंचावर झाला की पुढच्या पडद्याबाहेरील सहा-सात फुटांच्या पट्टीत, हे न चुकता लिहिलेले असते. कारण उघड आहे. पडद्यापुढे एकजण विनोद करीत असता मागे पुढच्या खेळाची मांडामांड होते, म्हणून दोन भरगच्च खेळ लागोपाठ लावता येत नाहीत. गंमतीत पडदाच नाही. नाच्याने घाम पुसावा, शाहिराने घसा ओला करावा, ढोलकीची शाई तपासावी, एवढ्या वेळात सोंगाड्या बोलत असतो. तेथे जे पडद्याने साधते ते येथे एका माणसाच्या जिभेने साधावे लागते. बतावणीचा मजकूर छापलेला वाचून ती पाल्हाळिक वाटते याचे कारण हेच. तिची लांबी विनोदाने ठरत नव्हती, मागे चाललेल्या कामाने ठरत होती. आमच्या विद्वानांनी बतावणीला जो ‘शिथिल’ असा शेरा दिला आहे तो वही न पाहता दिलेला शेरा होय.

मात्र एका ठिकाणी दोन्ही वाटा साफ वेगळ्या होतात. गॉटलिबचा शेवटचा खेळ निघून जाणाऱ्यांसाठी होता. गंमतीतला शेवटचा भाग, म्हणजे वग, सर्वांत लांब आणि सर्वांत गुंतागुंतीचा. पॅलेसच्या व्यवस्थापकाला हे वेडेपण वाटले असते. पण न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला अकरा वाजता घरी नेणारी गाडी होती. तीन कोसांवरून आलेल्या शेतकऱ्याला पहाटेपूर्वी परतण्याची वाट नव्हती. नदीनाले, अंधार, आणि बैल सोडलेले. तो उठून जाणारच नव्हता. ज्याला जावयाचे नाही अशा माणसाला मध्यरात्रीनंतर जागे ठेवील असे काय, तर कथा. कसरत नव्हे, सुटे गाणे नव्हे; पुढे काय झाले हे कळल्याशिवाय डोळा लागू नये अशी कथा. वग शेवटी आला तो यासाठी. रस्ते झाले, दिवे आले, मोटारी धावू लागल्या, तसतसा वग आखडत गेला. त्याचे खापर सामान्यतः सिनेमावर फोडले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु रात्री बारा वाजता घरी जाता येऊ लागले, हे कारण मला अधिक मोठे वाटते.

मग आपल्याकडील व्यवस्थापक कोण? येथे गावाचे पंच, पाटील, उत्सवाचे कारभारी किंवा तंबू ठोकून तिकीट लावणारा ठेकेदार ही माणसे येतात. खेळ ठरविताना इसार द्यावयाचा, उरलेली बिदागी मागाहून. गंमतीचे दोन संच समोरासमोर उभे करण्याची जी रीत आहे, जिला दुय्यम म्हणतात, ती तर पारख करण्याची यंत्रणाच होय. एक कलगीवाला, शक्तीचा पक्ष घेणारा. दुसरा तुरेवाला, शिवाचा पक्ष घेणारा. एकाने सवाल टाकावा, दुसऱ्याने जबाब द्यावा. जबाब न सुचला तर ते सर्व गावासमोर. कीथच्या व्यवस्थापकाचा शेरा बंद पाकिटातून जाई आणि पुढचे काम का मिळाले नाही हे नटाला पुष्कळदा कळतही नसे. येथे निकाल उघड्यावर लागे. प्रसन्न झालेला माणूस पैसे पुढे करी आणि त्याचे नाव गाण्यात गुंफले जाई; अप्रसन्नाचा आवाजही तेवढाच स्वच्छ ऐकू येई. न्यूयॉर्कच्या मायनर्स बावरी नाट्यगृहात हौशी कलावंतांच्या रात्री फजीत झालेल्याला लांब काठीच्या आकड्याने ओढून आत नेत, त्यातला हा प्रकार. पण आमच्याकडे आकड्याची गरज पडत नसे.

पुण्याच्या आर्यभूषण थिएटरसारख्या ठिकाणी ही व्यवस्था नाट्यगृहाच्या छताखाली आली. तेथील संगीत बाऱ्यांचे नावच बोलके आहे. बारी म्हणजे पाळी. एक पार्टी आपली पाळी संपवून उठते, दुसरी बसते. उत्पन्नात थिएटर-मालकाचा वाटा. इंग्लंडच्या संगीतगृहांत एकेका खेळाला जो शब्द वापरीत त्याचाही अर्थ पाळी असाच होतो. मुंबईत तर खरेखुरे व्होडव्हिल येऊन गेले. १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते ज्याचे उद्घाटन झाले ते रॉयल ऑपेरा हाऊस उभारण्यात मॉरिस बँडमन याचा हात होता. पूर्वेकडील शहरांतून खेळ फिरविणारा तो मोठा व्यवस्थापक. पण त्या साहेबी खेळांचा पांढुर्ण्याशी संबंध जोडणे ओढाताणीचे होईल, म्हणून तो विषय येथेच सोडतो.

अधिक महत्त्वाचा प्रश्न कागदांचा. वही नव्हती म्हणजे काहीच लिहिले गेले नाही असे नाही. लिहिले गेले, पण वेगळ्या माणसांनी वेगळ्या हेतूने. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या चार खंडांत भाट, गोंधळी, चित्रकथी, गोपाळ, नट यांच्या नोंदी आहेत. लग्नाच्या चाली, देवदेवता, पोटजाती यांची तेथे बारकाईने चौकशी आहे. परंतु हा गोंधळी चांगला गातो की वाईट, नटाचा दोरावरचा खेळ किती वेळ चालतो, लोक कशाला हसतात, हे अधिकाऱ्याला विचारावेसे वाटले नाही. कीथच्या व्यवस्थापकाने कलावंत मिनिटांत मोजला. सरकारने तो जातीत मोजला. दुसरा कागद कराचा. मध्यप्रांत व वऱ्हाडचा करमणूक कर कायदा १९३६ चा. त्यामुळे तिकीट लावलेला तंबू कागदावर आला आणि पाराजवळची फुकट गंमत कागदाबाहेर राहिली. तिसरा कागद सुधारणेचा. मुंबई सरकारने १९४८ मध्ये महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशाविषयी समिती नेमली. तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ती मुंबई प्रांताची. नागपूर आणि छिंदवाडा तेव्हा मध्यप्रांतात होते.

त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यासह सौंसर आणि पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिले. सीमा काटोल-नरखेडच्या शिवारातून गेली. गंमतीला ती दिसली नाही, दप्तराला मात्र दिसली. महाराष्ट्रात लोककलेचे जे संकलन पुढे झाले ते सीमेपाशी थांबले, आणि भोपाळकडून जे झाले त्यात बुंदेली, माळवी, निमाडी आणि आदिवासी कलांना स्वाभाविकच अग्रस्थान मिळाले. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचा ग्रंथ केव्हातरी लिहिला जाईल. त्यात पोळ्याच्या करीला जांब नदीत पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार येईल, जामसावळीचा मारुती येईल, संत्री आणि कापूस येईल. गंमतीसाठी एक परिच्छेद मिळाला तरी खूप.

येथे वहीच्या बाजूने इतके बोलल्यावर तिच्या विरुद्धही बोलणे भाग आहे. व्यवस्थापकाचा शेरा हा व्यवस्थापकाचा असतो. कीथची नाट्यगृहे ‘स्वच्छ’ म्हणून नावाजलेली; साध्या शिव्यादेखील तेथे वर्ज्य होत्या आणि तसे फलक रंगमंचामागे लावलेले असत. त्यामुळे वहीत ‘गाळले’ असे जेथे आहे तेथे नेमके लोकांना काय आवडत होते याचा सुगावा लागतो, पण व्यवस्थापकाची प्रौढीही दिसते. आयरिश मोलकरणींची टवाळी करणाऱ्या रसेल बंधूंचा खेळ वर्षानुवर्षे चालला; १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या आयरिश मंडळींनी तो उधळून लावला तेव्हा व्यवस्थापकांना कळले की हसणाऱ्यांच्या टाळ्यांत न हसणाऱ्यांची गणती आपण कधी केलीच नव्हती.

आपल्या पंचांची पारख याहून निर्मळ होती असे मानण्याचे कारण नाही. गंमतीतील कितीतरी शाहीर आणि नाचे अस्पृश्य मानलेल्या जातींतले. गाव त्यांना रात्रभर डोक्यावर घेई आणि सकाळी पाणवठ्यापासून दूर ठेवी. बिदागीचा आकडा ठरविताना गळा मोजला जाई तशी जातही मोजली जाई. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाची बांधणी ठेवून आतील मजकूर बदलला, हे केवळ प्रचाराचे तंत्र नव्हे; कार्यक्रमाचा क्रम कोणी लावावा या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि अठरा दिवसांनी राज्याची सीमा बदलली. पांढुर्णा-सौंसरच्या गंमतीचा इतिहास लिहिणाऱ्याने या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. कोणता संच का मोडला, कोणी डफ खाली ठेवला आणि कोणी तोच डफ घेऊन नवी गाणी म्हटली, हे कळण्याचा मार्ग तेथून जातो. केवळ सिनेमाच्या तंबूपासून तो जात नाही.

ही वही आता उशिराने लिहावी लागेल, आणि ती स्मरणातून लिहावी लागेल. त्यासाठी शिक्षकांइतका योग्य माणूस नाही, कारण गावातील म्हातारी माणसे त्यांच्याशी बोलतात. मात्र विचारावयाचे प्रश्न बदलावे लागतील. ‘जुनी गाणी म्हणून दाखवा’ असे म्हटले की म्हातारा शाहीर गण म्हणतो आणि आपण तो उतरून घेऊन परत येतो. त्याला असे विचारावे: ढोलकी केव्हा सुरू करीत होता? लोक किती जमले म्हणजे गवळण काढीत होता? सोंगाड्याला थांबण्याची खूण कोण करी आणि कशी? कोणत्या गावी हिंदी घालावे लागे आणि कोणत्या गावी घातले तर लोक हसत? इसार किती, बिदागी किती, आणि जेवण कोठे वाढीत? दुय्यमीत हरला होता तो सवाल कोणता? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक शाहीर पन्नास वर्षांनीही बिनचूक देतात, कारण जिंकलेले सवाल विसरतात, हरलेले विसरत नाहीत.

आणि पंचांनाही विचारावे. ज्यांनी पैसे दिले त्यांच्याही आठवणी आहेत, आणि त्या बहुधा शाहिरांच्या आठवणींशी जुळत नाहीत. शाहीर सांगेल की त्या वर्षी पहाटेपर्यंत एक माणूस हलला नाही. कारभारी सांगेल की दोन वाजता निम्मे लोक पांघरूण घेऊन आडवे झाले होते. आयोवातील वहीत दुसरा आवाज आहे, पहिला नाही. आपल्याला दोन्ही एकाच पानावर लिहून घेता येतील, अजून काही वर्षे.